पहिला हात वाळू दे

त्या घरात तोंड लपवून चालण्यासारखं नव्हतं. इतर घरांत चालतं. पोरगी रुसली की भिंतीकडे तोंड करून बसते, आई स्वयंपाकघरातूनच तिला दोन शब्द सुनावते आणि काम भागतं. इथे पाठ फिरवली की बोलणंच संपलं. आईला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ती हातांनी बोलायची. आणि हातांनी बोलणं म्हणजे नुसते हात, असं ज्यांना वाटतं त्यांनी तिला एकदा भांडताना पाहायला हवं होतं. शब्द हातांचे असायचे, पण राग, थट्टा, शंका, ‘खरं सांगतेस?’ आणि ‘पुरे आता’ हे सगळं भुवया, गाल आणि ओठ सांगायचे. चेहरा झाकून तिच्याशी बोलायचं म्हणजे तोंडात बोळा कोंबून गप्पा मारायच्या.

म्हणून लेक घरातसुद्धा नाकातोंडावर मास्क लावून फिरायला लागली, तेव्हा आईच्या दृष्टीने तिने अर्धं बोलणं टाकलं.

लेकीचं कागदोपत्री नाव शाळा-कॉलेजाला ठाऊक. घरात ती खळी. आई नावं अक्षरांनी घेत नसे. माणसाची एखादी खूण पकडायची आणि ती खूण म्हणजेच नाव. बाबा रंगकाम करायचे, त्यांच्या कोपराला कायम रंग लागलेला असायचा, म्हणून कोपरावरून दोन बोटं फिरवली की बाबा. शेजारच्या काकूंची खूण काय होती ते इथे सांगण्यासारखं नाही, काकू अजून शेजारी आहेत. आणि लेक तान्ही असताना पहिल्यांदा हसली, डाव्या गालाला खळी पडली, तेव्हा आईने तर्जनी स्वतःच्या डाव्या गालात खुपसून हलकेच फिरवली. तेच बारसं. बाबांनी तोंडाने म्हणायला त्याचं ‘खळी’ केलं.

आणि मुरमं आली ती नेमकी त्या गालावर. शाळेत असताना थोडीफार सगळ्यांना येतात, तशी तिलाही आली होती. मैत्रिणींची गेली, हिची मुक्कामाला राहिली. कॉलेज संपून ती कामाला लागली तरी जायचं नाव नाही. लाल, ठसठसणारी, एक बसलं की शेजारी दुसरं. आई दिवा उघडझाप करून तिला हाक मारायची, खळी वळायची, आणि आईचं बोट गालावर जायचं. आपलं नाव घेतलंय हे खळीला कळत होतं, बावीस-तेवीस वर्षं ते नाव तिने अंगावर बाळगलं होतं. तरी ते बोट आपल्या मुरमांवरच टेकतंय असं तिला वाटायचं, आणि ती मान खाली घालायची. जिला डोळ्यांनी हाक मारतात तिने मान खाली घातली की दार बंद. आई थोडा वेळ तशीच उभी राहायची आणि कामाला लागायची.

खळी दुभाषी होती. बहिरी माणसं दवाखान्यात, बँकेत, कोर्टात गेली की ती सोबत जायची. त्यांचे हात बघून तोंडाने बोलायची आणि समोरच्याचं तोंड ऐकून हातांनी. धंदा असा की समोरचा माणूस दिवसभर तुमच्या तोंडाकडे टक लावून बघणार. दुसरं एखादं काम असतं तर तिने कोपऱ्यातलं टेबल मागून घेतलं असतं.

त्यातच शहरातल्या वाहिनीने ठरवलं, की संध्याकाळच्या बातम्यांना पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट द्यायची आणि त्यात दुभाष्याला उभं करायचं. त्यासाठी चाचणी ठेवली. खळीने अर्ज केला तो आईला न सांगता, पण आईला कळलंच, कळायचंच होतं. आईने आयुष्यभर बातम्या पाहिल्या होत्या त्या माशांच्या पेटीत बघावं तशा. तोंडं उघडतात, मिटतात, मधेच कुठे आग लागलेली दिसते, कुठे पूर. मग ती बाबांच्या गुडघ्यावर चापट मारून विचारायची, ‘काय म्हणाला?’ बाबा भला माणूस, पण दुभाषी म्हणून अगदीच सुमार. पुढाऱ्याचं लांबलचक भाषण झालं की ते हातांनी सांगायचे, ‘पुष्कळ बोलला. काही म्हणाला नाही.’ अर्ज केल्याचं कळलं त्या दिवशी आईने दूरदर्शन संचाच्या पडद्याचा खालचा कोपरा पदराने पुसला आणि स्वयंपाकघरात गेली.

ते खळीने पाहिलं, आणि तिच्या मनाने घेतलं की चाचणीच्या आत गाल स्वच्छ झालाच पाहिजे. एरवी ती हो-नाही करत बसली असती, आता सरळ त्वचेच्या डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टरीणबाई मोजकं बोलणाऱ्या होत्या. गाल उजेडाकडे वळवून पाहिला, भिंगातून पाहिला, आणखी काय काय लावतेस, कुठली गोळी चालू आहे का, दिवस गेलेत का किंवा तसा विचार आहे का, सगळं विचारून घेतलं. मग एक मलम लिहून दिलं. “चेहरा धुवायचा, पूर्ण कोरडा होऊ द्यायचा. झोपण्याआधी वाटाण्याएवढं घ्यायचं. ते सगळ्या चेहऱ्याला, एका मुरमाला नाही. एक रात्र लावायचं, एक रात्र सोडायची. सुरुवातीला जास्त वाईट दिसेल, घाबरायचं नाही. फरक पडायला दोन-तीन महिने लागतात. वाढवायचं असेल तर मी वाढवीन.” खळी मान डोलवत होती. तिचं लक्ष दोन-तीन महिन्यांवर अडकलं होतं. चाचणी त्याच्या आधी होती. शेवटचं वाक्य कानांवर पडलं, पण आत गेलं नाही.

काही आठवड्यांनी डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं, जास्त वाईट दिसायला लागलं. सांगितलेलं असूनही माणसाचा धीर सुटतो तो सुटतोच. एका सकाळी खळी मोरीच्या आरशासमोर उभी होती, डोळ्यांत पाणी. बाबा दात घासायला आले. त्यांनी गाल पाहिला, मलमाची नळी पाहिली, आणि जन्मभर भिंतींना जो निवाडा दिला तोच दिला.

“फिकं पडलंय गं हे. एक हात अजून मार.”

ही चूक दुसऱ्या कुणाच्या घरात झाली नसती. बाबांच्या जगात डाग दिसला की एकच उपाय: दुसरा हात. त्यांनी या शहरातली कितीतरी घरं अशीच झाकून काढली होती आणि कुणाची तक्रार नव्हती. शिवाय त्या माणसाला लेकीचं रडणं बघवत नसे. खळीलाही तेच ऐकायचं होतं. तिने मग रोज रात्री लावायला सुरुवात केली. मग सकाळीही. मग डाव्या गालावर जाड थर, पुट्टी भरावी तसा. मास्कखाली कुणाला काय दिसणार होतं?

थोड्याच दिवसांत गाल पेटला. लाल तर झालाच, वर चकाकी आली, आणि नाकाच्या कडेपासून जबड्यापर्यंत साल सुटायला लागली. पाणी लागलं तरी चरचरायचं. वर पावडर लावून बघितली तर सालीला चिकटून तिचे गोळे झाले. तोंड मोठं उघडलं की कातडी ताणून भेगाळायची, म्हणून खळी तोंड कमी उघडायला लागली. भुवई उचलायची तर कपाळ ओढायचं, म्हणून भुवई उचलेना.

रविवारी तिघं चहाला बसली होती. चहा प्यायचा म्हणून मास्क हनुवटीवर ओढला होता. आई शेजारच्या काकूंची नक्कल करत होती. काकूंनी कपडे वाळत घालता घालता चार घरांची कशी झाडाझडती घेतली, ते ती दोन्ही हातांनी आणि सगळ्या तोंडाने करून दाखवत होती. बाबांना हसून ठसका लागला. खळीचं तोंड हललं नाही. तिला हसू आलं होतं, फार आलं होतं. पण हसलं तर गाल फाटेल या भीतीने तिने ते आतच दाबलं आणि नुसते हात हलवून ‘मजेशीर’ म्हटलं.

आईचे हात थांबले. तिने लेकीकडे नीट पाहिलं, आणि जी खूण ती कधी वापरत नसे ती वापरली. लोकांनी तिलाच इतक्यांदा ती चिकटवली होती, की स्वतःहून ती कुणाला देत नसे.

‘तुझा चेहरा मुका झालाय,’ ती म्हणाली.

मग उठून तिने खळीच्या कानांमागून मास्क काढला, हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं. बघत राहिली. खळीने ‘काही नाही’ म्हणायला हात उचलला, तो तिने धरून खाली ठेवला. बाबा कपबशी घेऊन तसेच उभे राहिले होते. “मीच सांगितलं होतं,” ते तोंडाने म्हणाले, आणि मग आईला कळावं म्हणून पुन्हा हातांनी म्हणाले. हातांनी म्हणताना ते फार अवघड गेलं असावं, कारण त्यांनी ती खूण अर्ध्यात सोडली.

दुसऱ्या दिवशी तिघंही दवाखान्यात. डॉक्टरीणबाईंनी गाल पाहिला आणि खुर्ची मागे सारली.

“असं लावायला कोणी सांगितलं?”

बाबांनी हात वर केला, शाळेत करतात तसा.

“तुम्ही काय करता?”

“रंगकाम.”

“ओल्या भिंतीवर दुसरा हात मारता?”

“छे, छे. पहिला पुरता वाळल्याशिवाय हातच लावायचा नाही. नाहीतर पोपडे धर...” बाबा तिथेच थांबले. डॉक्टरीणबाईंनी खळीचा गाल त्यांच्याकडे वळवला. बाबांनी तो पाहिला, खाली पाहिलं, आणि स्वतःच्या नखातला रंग कोरायला लागले.

खळीने हे सगळं आईला हातांनी सांगितलं, पोपड्यांसकट. आईला इतकं हसू आलं की डॉक्टरीणबाईही हसल्या. रागवायची वेळ आली होती ती तशी टळली. खळी पुढे कितीतरी वेळा म्हणायची, की त्या दिवशी डॉक्टर ओरडल्या असत्या तर मी परत गेले नसते, बाबाही आयुष्यभर मान खाली घालून बसले असते.

“ऐक,” डॉक्टरीणबाई खळीला म्हणाल्या. “औषध वाईट नाही, तुझी घाई वाईट. त्वचा हळूहळू औषधाला सरावते. सरावली की वाढवायचं. आधी रात्री वाढवायच्या, मग लागलंच तर ताकद. दोन्ही एकदम नाही. आता सगळं बंद. साधं मऊ मलम लाव आणि उन्हात जाताना चेहऱ्याला ऊन लागू देऊ नको. आग पूर्ण शांत झाली की मी सांगीन तेव्हा पहिल्यापासून सुरू. वाटाण्याएवढं. दोन रात्री सोडून एक रात्र.”

“पण चाचणी...”

“चाचणी चेहऱ्याची आहे की कामाची?”

“आमच्या कामात ते एकच असतं,” खळी म्हणाली. हे मात्र डॉक्टरीणबाईंना नवीन होतं. मग त्यांनी आईकडे पाहून विचारलं, आणि खळीने ते हातांवर घेतलं, “हिचा चेहरा सगळ्यात जास्त कोण बघतं?”

आईने उत्तर दिलं. खळीचं काम तोंडाने सांगायचं. ते तिला लगेच जमलं नाही.

“ती म्हणतेय, मीच बघते,” शेवटी खळी म्हणाली. “ती म्हणतेय, मला तिचा चेहराच तेवढा ऐकू येतो.”

“मग पुढच्या वेळी मी तुला विचारणार नाही. त्यांना विचारीन,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पेशंट नेहमी म्हणतो, काही त्रास नाही.”

आग शांत झाली. मलम पुन्हा सुरू झालं, वाटाण्याएवढंच. बाबांना तो वाटाणा इतका बारीक वाटायचा की ते रोज रात्री दारातून डोकावून बघायचे, आणि काही बोलायच्या आधीच आईची नजर पाहून परत फिरायचे. गाल निवळत होता, पण आपल्या गतीने. चाचणी मात्र आली होती तोंडावर. पुढच्या तपासणीला जाताना खळीने मनाशी पक्कं केलं होतं: आता बरी आहे, जास्त ताकदीचं मागून घ्यायचं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बोलल्याप्रमाणे खळीला विचारलंच नाही. त्या आईकडे वळल्या. “आग होते का तिची अजून?”

खळीने प्रश्न हातांनी सांगितला. आईने उत्तर द्यायला सुरुवात केली.

आता या घराचा एक कायदा होता, तो सांगायला हवा. खळी लहानपणापासून आईचं तोंड होती. बँकेत, दुकानात, शाळेच्या सभेत. एकदा एका दुकानदाराने आईला काहीतरी वाईट म्हटलं. खळी सात-आठ वर्षांची असेल, तिने ते गिळलं आणि ‘तो म्हणतोय रंग शिल्लक नाही’ असं सांगितलं. आईने दुकानदाराचं तोंड पाहिलं होतं. बाहेर आल्यावर ती पायरीवर बसली, म्हणजे तिचे डोळे लेकीच्या डोळ्यांसमोर आले, आणि म्हणाली, ‘मला कोण काय म्हणतं ते मला कळलंच पाहिजे. तू गाळलंस तर मी खरोखर बहिरी.’ तेव्हापासून खळीने कुणाचंच काही गाळलं नव्हतं, वाढवलं नव्हतं. पुढे तोच तिचा धंदा झाला.

आई सांगत होती. बाबा त्या दिवशी कामावर होते, आणि इथे दुसरं कोणी नव्हतं तिचे हात वाचणारं. खळीने नुसतं “बरी आहे म्हणतेय” म्हटलं असतं तर जास्त ताकदीचं मलम आजच्या आज हातात होतं. तिने श्वास घेतला.

“ती म्हणतेय,” खळी म्हणाली, “की तोंड धुताना मी अजून श्वास रोखून धरते. नाकाच्या कडेला संध्याकाळी लाल होतं. ते लाल दिसू नये म्हणून मी दिव्याकडे पाठ करून बसते.”

“अजून?”

आईचे हात चालूच होते. खळीचा आवाज जरा बारीक झाला. “ती म्हणतेय, हिला विचारलं तर त्रास नाही म्हणेल. पण खोटं बोलताना हिची डावी भुवई चढते.”

डॉक्टरीणबाईंनी खळीच्या डाव्या भुवईकडे पाहिलं. “मग आज वाढवायचं नाही,” त्या म्हणाल्या. “आहे तेच, आहे तितकंच. आणि तू आत्ता जे केलंस ना, त्याबद्दल आभार. मला खरी माहिती मिळाली नसती, तर मी वाढवलं असतं आणि तू पुन्हा सोलून निघाली असतीस.”

जिना उतरताना खळी मधल्या वळणावर थांबली. रडू येत होतं ते कशाचं तिला सांगता आलं नसतं. मलम मिळालं नाही म्हणून की आपण खरं बोललो म्हणून. आई दोन पायऱ्या खाली गेली होती, ती वळली. खालून तिने लेकीकडे पाहिलं आणि गालात बोट फिरवलं.

या वेळी खळीने मान खाली घातली नाही.

‘सगळं सांगितलंस,’ आई म्हणाली. ‘भुवईसकट. मी बाईंच्या डोळ्यांकडे बघत होते, त्या लगेच तुझ्या भुवईकडे वळल्या.’

‘तुझं बोलणं आहे. माझं थोडंच आहे गाळायला.’

‘गाळता आलं असतं.’

‘भुवईचं मला माहीत नव्हतं गं,’ खळी म्हणाली. ‘इतकी वर्षं चढते?’

‘इतकी वर्षं.’

‘आणि तू बोलली नाहीस?’

‘सांगितलं असतं तर तू उतरवायला शिकली असतीस,’ आई म्हणाली, आणि दोघी तिथेच जिन्यात हसल्या. गाल जरासा चरचरला. खळीने चरचरू दिला.

चाचणीला ती तशाच गालाने गेली. शूरपणा म्हणाल तर अर्धाच: मास्क घरी ठेवला, पण केस मोकळे सोडले आणि डावीकडे पुढे ओढून घेतले. स्टुडिओत दिवे एवढे, की मुंगीलाही सावली पडावी. काचेमागे तीन-चार माणसं बसली होती. समोर खुर्चीत परीक्षक, पांढऱ्या मिशांचे, जन्मापासून बहिरे. कानात बातम्या सुरू झाल्या, खळीचे हात सुरू झाले. दुसऱ्याच बातमीला परीक्षकांनी तळहात वर करून थांबवलं.

‘डावा गाल,’ ते हातांनी म्हणाले. ‘तुमचं अर्धं वाक्य केसांमागे राहतंय.’

खळीने खरं ते सांगितलं. ‘गालावर मुरमं आहेत. औषध चालू आहे, अजून वाढवलेलं नाही.’

‘मी आयुष्यभर चेहरे वाचत आलोय,’ परीक्षक म्हणाले. ‘मुरमं मला वाचता येत नाहीत. त्यांचा अर्थच लागत नाही. केस बांधा.’

रबर नव्हतं. दिवे सांभाळणाऱ्या बाईंनी स्वतःच्या मनगटावरचं काढून दिलं. त्या बाईंना खळी पुन्हा कधी भेटली नाही, पण ते रबर तिने जपून ठेवलं. केस बांधले, गाल उजेडात आला, आणि तिने बातम्या सांगितल्या. कुठे तरी पूल खचला होता, तिची भुवई खचली. भाव कडाडले होते, तिचे गाल फुगले. शेवटी हवामान होतं. परीक्षक हसले तेव्हा तीही हसली, आणि गाल कुठे दुखतोय का हे बघायचं राहून गेलं.

निवड झाल्याचं कळवायला खळीचा फोन आला तेव्हा बाबा शिडीवर होते, एका घराच्या छताला रंग देत. त्यांनी ब्रश डब्यात सोडला तो सरळ बुडालाच.

पुढच्या तपासणीला पुन्हा तिघं. डॉक्टरीणबाईंनी आईला विचारलं, खळीने हातांनी सांगितलं, आई बोलली आणि खळीने तोंडाने म्हटलं, “धुताना आता श्वास रोखत नाही. दिव्याकडे तोंड करून बसते. आणि...” खळी अडखळली. “ती म्हणतेय, की मी झोपेत कूस बदलते तेव्हा आता डावा गाल उशीला टेकवते. मागे टेकवत नव्हते.”

आई तिला झोपेत बघायला येत होती हे खळीला आत्ता कळत होतं, तेही स्वतःच्याच तोंडून. कुणीतरी आपल्यावर इतकं डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं आणि आपण मात्र त्या डोळ्यांना चुकवत फिरावं, याची तिला लाज वाटली. पण लाजेहून किती तरी मोठी कृतज्ञता वाटली. ती तिथेच आईच्या खांद्यावर डोकं टेकून क्षणभर बसली. डॉक्टरीणबाईंनी तेवढा वेळ टेबलावरचं भिंग पुसलं.

“मग आता वाढवू,” त्या म्हणाल्या. “आजपासून एक रात्र सोडून एक रात्र. सोसलं तर पुढे रोज रात्री. आणि रोजचं अंगवळणी पडलं की मग ताकदीचं बघू. मधे आग झाली तर एक पायरी खाली यायचं, वर नाही. आणि मला फोन करायचा, घरच्या घरी ठरवायचं नाही.” त्या बाबांकडे वळल्या. “काय म्हणता? दुसरा हात मारायचा?”

बाबांनी उठून खळीचा गाल खिडकीच्या उजेडात नीट तिरका करून पाहिला, धंद्यातल्या डोळ्याने.

“पहिला वाळलाय,” ते म्हणाले. “हरकत नाही.”

मलमाची रोजची रात्र सुरू झाली त्याच सुमारास बातम्यांची चौकटही सुरू झाली. गाल काही आरशासारखा झाला नव्हता. जुने डाग होते, हनुवटीला एक नवंही उगवलं होतं. मेकअप करणाऱ्या मुलीने हलका हात फिरवला आणि पुढे गेली. दिवे लागले. दुभाष्याने आधी स्वतःची ओळख करून द्यायची अशी पद्धत होती, आणि ओळख द्यायची ती खुणेच्या नावाने.

खळीने तर्जनी उचलली. कित्येक महिने तिने स्वतःच्या गालाला मलम लावण्यापलीकडे हात लावला नव्हता. तिने बोट डाव्या गालात खुपसलं आणि हलकेच फिरवलं. दुखलं नाही. मग ती हसली, कारण तसं हसल्याशिवाय ते नाव पुरं होत नव्हतं, आणि बातम्या सुरू झाल्या.

घरी काय झालं ते बाबांनी नंतर सांगितलं. पडद्याच्या कोपऱ्यात ते बोट वर गेलं तशी आई उठून पडद्यापाशी गेली आणि तिनेही गालात बोट फिरवलं. मग खुर्ची जवळ ओढून बसली. बाबा सवयीने शेजारी बसले होते, बातमी सांगायला हात तयार ठेवून. एक पुढारी बोलायला लागला. बाबांनी आईच्या गुडघ्यावर चापट मारली आणि हातांनी सुरुवात केली, ‘पुष्कळ बोलतोय...’

आईने डोळे पडद्यावरून न काढता त्यांचे दोन्ही हात एका हाताने धरून खाली दाबले, आणि दुसऱ्या हाताने म्हणाली, ‘गप्प बसा. मला ऐकू द्या.’